गावच्या नोंदवहीतील कर्करोग

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव तुरीच्या बाजारपेठेसाठी व भगवंताच्या मंदिरासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. वैद्यक क्षेत्रात मात्र त्याचे नाव एका नोंदवहीमुळे सर्वदूर पोहोचले. १९८७ साली बार्शी तालुका आणि त्याला लागून असलेले, तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके मिळून ३४६ गावांसाठी कर्करुग्णांची नोंदणी सुरू करण्यात आली. ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली देशातील ही पहिलीच कर्करोग नोंदणी होय.

शहरातील नोंदणीची रीत त्यापूर्वीच बसलेली होती. मुंबईत १९६३ पासून हे काम चालू होते. रुग्णालयांचे कागद, प्रयोगशाळांचे अहवाल आणि महापालिकेच्या मृत्युनोंदी एकत्र केल्या की बहुतेक रुग्णांचा माग लागे. खेड्यात ही रीत लागू पडणे शक्य नव्हते. तेथील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. आणि मृत्यूनंतर कारणाच्या रकान्यात बहुधा ‘वृद्धापकाळ’ एवढाच शब्द पडे. ज्या रोगाचे निदानच झाले नाही, त्याची नोंद होणार कोठून?

यास्तव बार्शीच्या क्षेत्र कार्यकर्त्यांनी गावोगाव जाण्याचा मार्ग पत्करला. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, दाई व परिचारिका यांच्याकडे चौकशी करावयाची, बरी न होणारी तोंडातील जखम, स्तनातील गाठ, अंगावरून अवेळी जाणारे रक्त ही लक्षणे लोकांना समजावून सांगावयाची आणि संशयित रुग्णास बार्शीच्या रुग्णालयात तपासणीसाठी आणावयाचे, असा हा क्रम होता. हेतू केवळ गणनेचा होता. परंतु अल्पावधीतच असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने पीडित स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या आहेत. मोजण्यासाठी विचारलेल्या प्रश्नांनी उपचाराचे निम्मे काम केले, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे वयाचा विचार करणे अगत्याचे आहे. बहुतेक कर्करोग वयाबरोबर वाढतात. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण देशात ८.६ टक्के, महाराष्ट्रात ९.९ टक्के, तर केरळात १२.६ टक्के होते. साहजिकच जेथे वृद्ध अधिक तेथे रुग्णही अधिक दिसणार. म्हणून दोन प्रदेशांची तुलना करताना तज्ज्ञ वयाचा फरक वजा करून दर काढतात. असा दर काढला तरीही बार्शी भागातील कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी भरते. मुंबईतील स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अग्रस्थानी आहे, तर बार्शीत दीर्घकाळ गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर राहिला. एकाच राज्यातील हे दोन भिन्न प्रश्न आहेत आणि एकच आराखडा दोहोंना पुरणारा नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रामुख्याने एचपीव्ही नावाचा विषाणू कारणीभूत असतो. संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा ते वीस वर्षे जातात, आणि हाच काळ प्रतिबंधाचा असतो. याचा उपयोग कसा करावा हे उस्मानाबाद जिल्ह्यात पाहण्यात आले. तेथे ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची ५२ समूहांत विभागणी करून निरनिराळ्या तपासण्यांची तुलना केली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांतून १९९८ पासून दुसरा प्रयोग चालला. त्यात प्रशिक्षण दिलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांनी सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे एक प्रकारचा शिरकाच, लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही प्रयोगांत तुलनेसाठी काही गटांना तपासणीविना ठेवले गेले, यावर पुढे टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती.

या ज्ञानाचा प्रसार मात्र मंद आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची मधुमेह व रक्तदाब यांबरोबरच तोंडाचा कर्करोग, तसेच स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी, असे केंद्र शासनाचे धोरण २०१६ पासून आहे. आशा कार्यकर्ती घरोघर प्रपत्र भरते व जोखीम असलेल्यांना आरोग्य केंद्राकडे पाठविते. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आढळले. प्रपत्र भरणे आणि तपासणी होणे यांत अंतर आहे, ते हेच.

साठी ओलांडलेल्या स्त्रीची अडचण याहून निराळी आहे. उस्मानाबादच्या प्रयोगाची वयोमर्यादा तिच्या अलीकडेच संपते. पाळी बंद होऊन काही वर्षे लोटल्यावर पुन्हा रक्त जाऊ लागले, तर घरात ‘वयोमानाने होतेच’ असे म्हटले जाते आणि ती स्वतःही लाजेने गप्प राहते. असा रक्तस्राव वयोमानाने होत नसतो. त्याची तपासणी त्वरित झाली पाहिजे. गिळताना होणारा त्रास, विनाकारण घटणारे वजन यांचेही तसेच. गावच्या नोंदवहीत ‘वृद्धापकाळ’ लिहिण्यापूर्वी ग्रामसेवकाने घरच्यांना दोन प्रश्न अधिक विचारले, तरी पुष्कळ माहिती हाती येईल.

निदानानंतर प्रश्न येतो तो अंतराचा. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे साधारणतः पाच-सहा आठवडे चालतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागू शकतो. सत्तर वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेचे संरक्षणही आहे. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आहे. परंतु परगावी महिनाभर राहावयाचे कोठे, सोबत कोणी थांबावयाचे आणि सुगीच्या दिवसांत त्या माणसाच्या रोजगाराचे काय, ही विवंचना कोणत्याही कार्डात बसत नाही. उपचार अर्धवट सोडून गावी परतणाऱ्यांची कारणे विचारली तर पुष्कळदा हीच उत्तरे मिळतात. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी कर्करोग रुग्णालय असल्याचा खरा लाभ येथे दिसतो: परंड्याचा रुग्ण तेथे उपचार घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी परतू शकतो.