कोर्टाने मुलगी काढून घेतली, मतदारांनी शाळा हातात दिल्या : ॲनी बेझंट यांच्या स्कूल बोर्ड निवडणुकीची गोष्ट

ॲनी बेझंट म्हटलं की आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातली एक ओळ आठवते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी आणि ॲनी बेझंट यांनी होमरूल लीग सुरू केल्या. पुढच्याच वर्षी त्या काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. पण भारतात येण्याच्या पाच वर्षं आधी या बाईंनी लंडनमध्ये एक निवडणूक लढवली होती आणि सगळ्यात जास्त मतं घेऊन जिंकलीही होती. ती निवडणूक होती स्कूल बोर्डाची.

गंमत म्हणजे त्या काळात इंग्लंडमधल्या बाईला खासदार होता येत नव्हतं, खासदार निवडायला मतही देता येत नव्हतं. मग स्कूल बोर्डावर बाई निवडून आली कशी?

स्कूल बोर्ड म्हणजे नेमकं काय?

१८७० पर्यंत इंग्लंडमध्ये गरिबांच्या बहुतेक शाळा चर्च आणि धर्मादाय संस्था चालवायच्या. कारखाने वाढले, शहरं फुगली आणि या शाळा पुरेनात. त्या वर्षी संसदेने प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. जिथे शाळा कमी पडतात तिथे लोकांनी निवडलेलं स्कूल बोर्ड नेमायचं, असं ठरलं. या बोर्डाला स्थानिक करातून पैसे उभे करता येत, शाळा बांधता येत आणि मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचंही करता येत असे. बोर्डाची मुदत तीन वर्षांची होती.

निवडणुकीची पद्धतही वेगळी होती. एखाद्या विभागात सात जागा असतील, तर प्रत्येक मतदाराला सात मतं. ती सात जणांना वाटा, नाहीतर सातही एकालाच द्या. त्यामुळे एखादा छोटा गट एकवटला, तर आपला एक माणूस हमखास निवडून आणू शकायचा. संसदेच्या निवडणुकीत कधीच जिंकू न शकणाऱ्यांना इथे दार उघडं होतं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे कायद्याने उमेदवार पुरुषच हवा अशी अट घातली नव्हती. आपल्या नावावर घराचा कर भरणाऱ्या बायकांना, म्हणजे मुख्यतः विधवा आणि अविवाहित स्त्रियांना, मतदानही करता येत होतं.

पहिल्याच निवडणुकीत धक्का

लंडन स्कूल बोर्डाच्या ४९ जागांसाठी २९ नोव्हेंबर १८७० ला मतदान झालं. मेरिलबोन विभागातून एलिझाबेथ गॅरेट उभ्या होत्या. त्या डॉक्टर होत्या. इंग्लंडमध्ये बाईने डॉक्टर होणं हेच तेव्हा आक्रीत होतं. त्याच भागात त्या गरीब बायका-मुलांसाठी दवाखाना चालवत. त्या पेशंट बायकांचे नवरे आणि वडील त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, तुम्ही उभ्या राहा.

निकाल लागला तेव्हा गॅरेट यांना ४७,८५८ मतं पडली होती. त्याच विभागातून डार्विनचे खंदे समर्थक, प्रसिद्ध शास्त्रज्ञ थॉमस हक्सलीही निवडून आले, पण त्यांची मतं गॅरेट यांच्या एक तृतीयांशही नव्हती. एका मतदाराकडे सात मतं असल्यामुळे हा आकडा माणसांचा नव्हे, मतांचा आहे. तरीही लोकांनी आपली मतं कुणावर ओतली, ते त्यातून स्पष्ट दिसतं.

बेझंट यांच्यासाठी ही निवडणूक का महत्त्वाची होती?

ॲनी बेझंट यांचं लग्न एका पाद्र्याशी झालं होतं. त्यांचा धर्मावरचा विश्वास उडाला आणि १८७३ मध्ये त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. १८७७ मध्ये त्यांनी चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासोबत संततिनियमनाची माहिती देणारी एक पुस्तिका छापली. त्यावरून अश्लीलतेचा खटला चालला. त्या तुरुंगात जाता जाता वाचल्या, पण किंमत वेगळीच मोजावी लागली. नवऱ्याने कोर्टात धाव घेतली आणि १८७८ मध्ये कोर्टाने त्यांची लहान मुलगी मेबल त्यांच्याकडून काढून घेतली. अशा विचारांची बाई मुलीला वाढवायला योग्य नाही, असं न्यायालयाचं मत पडलं.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. १८८८ च्या उन्हाळ्यात बेझंट यांनी पूर्व लंडनमधल्या आगपेट्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींच्या हालांवर लेख लिहिला. तुटपुंजा पगार, त्यातही दंड. पाठोपाठ सुमारे १४०० मुली आणि बायका संपावर गेल्या आणि जिंकल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्कूल बोर्डाची निवडणूक लागली. बेझंट त्याच पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्स विभागातून उभ्या राहिल्या. हा गोदी कामगारांचा, दाटीवाटीच्या वस्त्यांचा भाग. प्रचारातले मुद्दे साधे होते. शाळेची फी बंद करा. भुकेल्या मुलांना शाळेत जेवण द्या. बोर्डाचं काम घेणाऱ्या ठेकेदारांनी कामगारांना रास्त मजुरी द्यावी.

विरोधकांकडे दारूगोळा तयारच होता : नास्तिक, समाजवादी, नवरा सोडलेली, खटला चाललेली. पण मतं मोजली तेव्हा १५,२९६ मतांसह बेझंट विभागात पहिल्या आल्या. ज्या बाईला स्वतःची एक मुलगी सांभाळायला कोर्टाने नालायक ठरवलं होतं, तिच्याकडे लोकांनी हजारो मुलांच्या शाळांचा कारभार दिला.

जिंकून काय केलं?

बोर्डावर समाजवादी मोजकेच होते, तरी १८८९ च्या सुरुवातीलाच एक ठराव झाला. बोर्डाचं कंत्राट हवं असेल, तर त्या त्या धंद्यातल्या मान्य दराने मजुरी द्यावी लागेल. पुढे इतर सार्वजनिक संस्थांनीही हा मार्ग धरला. प्राथमिक शाळांमधली फी १८९१ च्या कायद्याने बहुतांशी संपली. शाळेतल्या जेवणाला मात्र वेळ लागला. मुलांना जेवण देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना १९०६ च्या कायद्याने मिळाला. तोवर बेझंट भारतात स्थायिक होऊन बरीच वर्षं झाली होती. १८९१ ची निवडणूक त्या लढल्या नाहीत. १८९३ मध्ये त्या भारतात आल्या.

मग स्कूल बोर्डांचं काय झालं?

१९०२ च्या कायद्याने ही बोर्डं मोडीत निघाली आणि शाळा कौन्सिलकडे गेल्या. लंडनचं बोर्ड १९०४ पर्यंत टिकलं. कारभार सुटसुटीत झाला, पण एक गोष्ट हातची गेली. कौंटी कौन्सिलवर बायकांना निवडून येता येत नव्हतं. शिक्षण समितीवर त्यांची फक्त नेमणूक होऊ शकत होती. बत्तीस वर्षं मतं मागून जिंकणाऱ्या बायका पुन्हा कुणाच्या तरी मर्जीवर आल्या. कौन्सिलच्या निवडणुकीचं दार त्यांच्यासाठी १९०७ मध्ये उघडलं. संसदेसाठी मत मिळायला १९१८ उजाडलं, तेही फक्त तिशी ओलांडलेल्या आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या बायकांना.

आपल्याकडे याचं काय?

भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा बनवणं आणि अनुदान कुठे खर्च होतं ते पाहणं ही तिची कामं. अल्पसंख्याक संस्थांच्या आणि इतर सर्व अनुदानित शाळांत मात्र ती फक्त सल्ला देते.

टॉवर हॅम्लेट्सच्या बायकांपैकी अनेकींना मतच नव्हतं. आज गावच्या जिल्हा परिषद शाळेत पोरगं शिकत असेल, तर त्याच्या आईला समितीवर बसायला ना डिपॉझिट लागतं ना पक्षाचं तिकीट. ज्या पालकसभेत समिती ठरते, त्या सभेला तेवढं हजर राहावं लागतं.