गाडीला मोठे अलॉय व्हील टाकताय? आधी टायरवरचे आकडे वाचा!

कुरकुंभ : नवी-जुनी कुठलीही गाडी घेतली की पहिला खर्च होतो तो अलॉय व्हील आणि रुंद टायरवर. स्पोर्ट्स कारसारखा लूक येतो, हे खरं. पण चुकीचा साईज बसला तर मीटर खोटं बोलतो, सस्पेन्शनवर ताण येतो आणि विम्याचा क्लेमही अडचणीत येऊ शकतो. दुकानात जाण्याआधी एवढं समजून घ्या.

आकड्यांचा अर्थ काय?

टायरच्या कडेला १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेच्या रबराची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिम १५ इंची.

मुख्य नियम एकच : रिम वाढली तर रबर कमी झालं पाहिजे, चाकाची एकूण उंची तीच राहिली पाहिजे.

स्विफ्टचं उदाहरण घ्या. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो. त्याची एकूण उंची सुमारे ६२० मिमी. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५, उंची सुमारे ६२२ मिमी. म्हणजे कंपनीने रिम एक इंचाने वाढवली, पण उंचीत फरक जेमतेम दोन मिमीचा.

आता त्याच १५ इंची रिमवर 'भरलेला दिसतो' म्हणून कुणी २०५/६५ टाकला, तर उंची जाते ६४७ मिमीवर. मीटरवर १०० दिसतं तेव्हा गाडी १०४ च्या पुढे असते. पिकअप मंदावतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं किंवा गाडी भरली की टायर आत घासू शकतो. उंचीतला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, असं साधारण मानलं जातं.

आपल्या रस्त्याला काय चालेल?

१९५/५५ आर १६ टाकला तर उंची बरोबर जमते. पण कडेचं रबर १३२ मिमीवरून १०७ वर येतं. खड्डा आणि रिम यांच्यातली गादी एक इंचाने कमी झाली! पुणे-सोलापूर हायवेवर गाडी मस्त पळेल, वळणावर पकडही चांगली वाटेल. पण हायवे सोडून वाडी-वस्तीच्या रस्त्याला लागलं, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत चाक आदळलं, की रिम वाकते किंवा टायरला फुगा येतो. रोज असा रस्ता असेल तर एक इंच वाढ पुरे.

घेताना हे तपासा

- साईजनंतर ८८एच असं लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो, एच म्हणजे वेगमर्यादा ताशी २१० किमी. दोन्ही मूळ टायरपेक्षा कमी नकोत.
- रिमचे बोल्ट, मधलं भोक आणि ऑफसेट गाडीला जुळलं पाहिजे. स्पेसर लावून चाक बाहेर काढू नका, बेअरिंगवर ताण येतो.
- तारखेचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.
- आयएसआय खूण बघा. स्वस्तातली वापरलेली रिम घेताना बारीक तडे तपासा.
- स्टेपनी जुन्याच साईजची राहिली तर ती गरजेपुरती, कमी वेगात वापरा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी देते तोच साईज. तो गाडीच्या माहितीपुस्तिकेत मिळतो. बदल केल्यावर पक्कं बिल घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

शेवटी, नवीन चाकं बसली की अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून घ्या. ५०-१०० किमी चालवल्यावर नट पुन्हा आवळून घ्यायला विसरू नका.