अंथरुणाला खिळलेल्यांच्या दारी सरकार कधी?

डोंबिवलीतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अर्धांगवायूचा रुग्ण असेल, तर शास्त्रीनगर रुग्णालय जवळ असूनही दूरच. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून भरवायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची. रात्रीसुद्धा. हे सगळं घरची बाई करते, नाहीतर ब्युरोतून आलेली मावशी.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 38 यासाठीच आहे. ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे, असे 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेले लोक त्यासाठी अर्ज करू शकतात. कलम 24 मध्ये तर काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे.

गरीब कुटुंबाच्या हाती मात्र येतं ते संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. महिन्याला 1500 रुपये. दिव्यांगांसाठी ते 2500 करण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. चोवीस तासांच्या मावशीचा आठवडाही त्यात निघत नाही. सत्तरीपुढच्यांना 2024 पासून मिळणारं आयुष्मानचं 5 लाखांचं संरक्षण रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, घरच्या शुश्रूषेसाठी नाही.

केरळने 2008 मध्ये उपशामक सेवेचं धोरण आणलं आणि घरी जाणारी परिचारिका हे स्थानिक स्वराज्य संस्थांचं काम ठरवलं. शिवाय घरच्या काळजीवाहकाला ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून दरमहा 600 रुपये. रक्कम तुटपुंजी, पण त्या श्रमांची सरकारदरबारी नोंद होते.

आपल्याकडे पालिकांना दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवावा लागतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीने त्यातून आधी प्रत्येक प्रभागात घरी जाणारी परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट नेमावेत.