एकसष्टचे कोडे आणि बीडचा दावा

कागद-पेन्सिल घ्या. अशी एक पूर्ण संख्या शोधायची, की तिच्या वर्गाला ६० ने गुणून त्यात १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्गच यावा. चार घेऊन पाहा. सोळा गुणिले साठ नऊशे साठ, वर एक, नऊशे एकसष्ट, म्हणजे ३१ चा वर्ग. झाले. आता साठाच्या जागी ६२ घ्या. आठाचा वर्ग ६४, त्याची बासष्टपट ३९६८, एक मिळवला की ६३ चा वर्ग. हेही झाले. राहिला मधला ६१. त्याच्या वाटेला अंदाजाने गेलात तर वह्या संपतील, कारण त्याचे सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. आणि त्यातून जो वर्ग येतो तो १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा.

हे उदाहरण भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त सोडवून ठेवले आहे. साल ११५०, वय ३६. फ्रान्समध्ये फर्माने १६५७ साली हाच ६१ आपल्या काळातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला, तेव्हा पाच शतके उलटून गेली होती.

आता हा माणूस कुठला, यावर आपल्याकडचे भांडण जुने आहे. त्यांनी स्वतः गाव सांगितले आहे: सह्य पर्वताच्या आश्रयाचे विज्जडविड. विड म्हणजे बीड, असे बीडकर म्हणतात. कर्नाटकवाले विजापूर म्हणतात, अकबराच्या दरबारातल्या फैजीने बिदर लिहिले, जळगाव जिल्हा चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतो. बीडच्या दाव्यावर हमखास आक्षेप येतो की तिथे सह्याद्री कुठला? पण बीडजवळचा बालाघाट ही सह्याद्रीचीच एक शाखा आहे, आणि पाटणच्या पाठीशी असलेले सातमाळा-अजिंठ्याचे डोंगरही शाखाच. सह्याद्रीच्या मुख्य धारेवर दोघांपैकी कोणीच नाही. तरी नुसत्या नावाच्या साम्यावर बीडला हा मान द्यायला मी धजणार नाही. पाटणच्या बाजूने निदान दगड बोलतो, भले तोही जन्मगाव सांगत नसला तरी.

त्या दगडाकडे वळण्याआधी कोड्याची रीत पाहून घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. पहिली पायरी म्हणजे चक्क चुकीचे उत्तर धरायचे. एकाचा वर्ग गुणिले ६१, त्यात १ नव्हे, ३ मिळवले तर ६४ येतात, म्हणजे ८ चा वर्ग. चूक तिनाची. भास्कराचार्य ही चूक टाकून देत नाहीत, तिच्यापासूनच पुढची जोडी घडवतात: ५ आणि ३९. पाचाच्या वर्गाची एकसष्टपट १५२५, त्यातून ४ वजा केले की १५२१, हा ३९ चा वर्ग. चूक आता उणे चार. चाराशी पोचले की काम सोपे होते, कारण अशा दोन जोड्या एकमेकींत मिसळून नवी जोडी काढायची युक्ती ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच देऊन ठेवली होती. तिने चूक एकावर येते. चुकीवरून चुकीवर फिरत जाणाऱ्या या रीतीचे नाव चक्रवाल. ती आपली स्वतःची असे भास्कराचार्य म्हणत नाहीत, पूर्वीच्यांकडे बोट दाखवून मोकळे होतात. ते खरेही आहे. जयदेव नावाच्या गणितज्ञाची हीच रीत १०७३ च्या एका टीकेत उतरवलेली सापडते.

म्हणजे ब्रह्मगुप्त, जयदेव, भास्कर. पण पुढे? पोथी लिहिली म्हणून विद्या टिकत नाही, ती कोणीतरी बसून शिकवावी लागते, आणि शिकवणाऱ्याला जेवावे लागते. पाटणचा शिलालेख नेमका याविषयी आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. १२०७ साली भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. लेखाचा वरचा भाग संस्कृतात, घराण्याच्या थोरवीचा. शेवटी देणग्यांची वेळ आली की भाषा बदलते, मराठी सुरू होते. बाजारातल्या कोणी किती द्यायचे याची ती यादी आहे, आणि तीत तेलाच्या घाण्यांमागे पळीपळी तेलही आहे. चक्रवाल गिरवणाऱ्या पोरांच्या दिव्यात गावच्या तेल्यांचे तेल जळत असेल, असे मला त्या यादीवरून नेहमी वाटते.

याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर. त्याचे देऊळ आणि शिलालेख बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला आहेत. तेव्हा विज्जडविड कुठेही असो, ज्या राज्याने भास्कराचार्यांचे घराणे पोसले त्याच्या खुणा बीडकरांच्या अंगणात आहेतच.

त्यांच्या विद्येची आणखी एक खूण नदीपलीकडे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. माजलगावकडून नदी ओलांडून परभणी जिल्ह्यात शिरले की पाथरी लागते. ज्योतिषी ज्ञानराज आणि त्याचा मुलगा सूर्यदास यांचे गोदाकाठचे पार्थपूर ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बापाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुन्दर’ लिहिला. मुलाने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि तीन वर्षांनी ‘लीलावती’वर टीका लिहिली. मधल्या काळात यादव गेले, बहमनी आले आणि गेले, निजामशाही आली.

१५८७ मध्ये फैजीने अकबरासाठी ‘लीलावती’ फारसीत नेली. घटिकापात्रात मोती पडून भास्कराचार्यांच्या मुलीचा लग्नमुहूर्त टळला, ही सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट त्या फारसी प्रस्तावनेतली. संस्कृत ‘लीलावती’त ती नाही. तिथे सुरुवातीलाच आहे बाजार: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म.

सूर्यदासाला मात्र आकड्यांनी पुरते भागत नव्हते. त्याने एक काव्यही रचले. डावीकडून वाचले की रामाची कथा, तेच श्लोक उजवीकडून वाचले की कृष्णाची.