तळ्याला पाणी लागलं, त्याची गोष्ट

श्रावणात हातात अक्षता घेऊन ऐकलेली शितळासप्तमीची कहाणी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आटपाट नगरातला राजा तळं बांधतो, पण तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवता म्हणतात, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. सून कबूल होणार नाही, हे राजा जाणून असतो. म्हणून तो तिला माहेरी पाठवतो. मागं नातवाला न्हाऊमाखू घालतो, जेवू घालतो, दागिने घालून पलंगावर निजवतो आणि तो पलंग तळ्यात ठेवतो. तळं भरून येतं.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं आमच्या कुर्डुवाडी भागात अजून आहेत. उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, तीही आहेत. पाणी फुकट येत नाही, हे त्यांना कहाणीनं सांगायला नको.

हल्ली जुन्या परीकथा काळोख्या करून सांगण्याची लाट आहे. गोड गोष्ट उगाच बिघडवतात, अशी तक्रार कानी येते. पण मुळात त्या गोड होत्या कुठं? फ्रान्सच्या शार्ल पेरोनं १६९७ मध्ये छापलेल्या गोष्टीत लांडगा लाल टोपीवालीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते. तिला पोटातून बाहेर काढणारा शिकारी पुढं ग्रिम बंधूंच्या पुस्तकात आला. त्याच ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये त्यांनी तिची सावत्र आई केली. सख्खी आई असं करते, हे घरात वाचून दाखवणं जड गेलं असावं. सावत्र आयांच्या माथी मात्र तो डाग कायमचा बसला! इंग्लंडच्या अँजेला कार्टर यांनी १९७९ मध्ये ‘द ब्लडी चेंबर’ या पुस्तकात अशाच कथा नव्यानं लिहिल्या, त्या बहुतेक त्यांतल्या बायकांच्या बाजूनं.

आपल्याला इतकं लांब जायचंही कारण नाही. सोलापूरची हद्द ओलांडली की कर्नाटकात ‘केरेगे हार’ म्हणजे तळ्याला बळी, हे लोकगीत भेटतं. तिथंही गावच्या गौडानं खणलेलं तळं कोरडंच. बळी द्यायची ठरते ती धाकटी सून भागीरथी. थोरल्या सुनांची नावं घरातच मागं पडतात. ती माहेरी जाऊन येते आणि निमूट तळ्यात उतरते. पाणी पावलांना लागतं, गुडघ्यांना लागतं, मग वर चढतं. नवरा लष्करातून परततो आणि त्याच तळ्यात उडी घेतो. कोणीही वर येत नाही.

आपल्या कहाणीत मूल परत येतं. सून भावासोबत सासरी निघते, वाटेत भरलेलं तळं दिसतं. सप्तमीचा दिवस म्हणून ती पूजा करते, वाण देते आणि आपल्या वंशातलं कोणी बुडालं असेल तर परत मिळो, असं मागते. पाण्यात उभी असताना मूल तिचे पाय ओढतं. दचकून बघते, तर तिचंच लेकरू.

मुलांना ही कहाणी सांगू नये, असं मी म्हणणार नाही. सांगावी, आणि त्यांनी विचारलं तर थांबावं. मुलं नेमकं विचारतात, आजोबांनी असं का केलं? कहाणी एवढंच सांगते, की सासऱ्याला आनंद झाला आणि तो सुनेवर अधिक ममता करू लागला. सुनेला त्याच्याबद्दल काय वाटलं, हे तिथं नाही. काळोखी कथा लिहिणारा आपली गोष्ट तिथूनच सुरू करतो : सून मुलाला कडेवर घेऊन वाड्याच्या दारात उभी आहे, आणि दार उघडायला सासरा आला आहे.