‘बाबासाहेब म्हणाले होते’ एवढ्याने भागत नाही

आपल्या भाषणांत, पोस्टमध्ये आणि आता प्रबंधांतही एक वाक्य सतत येते : ‘बाबासाहेब म्हणाले होते की...’ कुठे आणि केव्हा म्हणाले, हे मात्र पुढे येत नाही. सभेत ते चालून जाते. समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्राच्या संशोधनात चालत नाही. संदर्भ नसलेले विधान विरोधक एका प्रश्नात उडवून लावतो, आणि नुकसान आपल्या विचाराचे होते.

बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन महाराष्ट्र शासनाने 1979 पासून खंडरूपाने प्रसिद्ध केले. पण ‘खंड 1’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. त्या एकाच खंडात 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध आहे आणि 1936 चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ही आहे. मध्ये महाडचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा होऊन गेली. नुसते ‘आंबेडकर, 1979’ लिहिले, तर वीस वर्षांची वैचारिक वाटचाल पुसली जाते. म्हणून दोन्ही वर्षे द्यावीत : (आंबेडकर, 1936/1979), आणि पुढे पृष्ठ क्रमांक.

आणखी काही गोष्टी आपण पाळायला हव्यात :

• पृष्ठ क्रमांक आपण हातात घेतलेल्या आवृत्तीचाच द्यावा. आवृत्ती बदलली की पान बदलू शकते.

• मराठी अनुवाद वापरला असेल, तर अनुवादकाचे नाव द्यावे. शब्द त्याचे आहेत.

• दुसऱ्याच्या पुस्तकात उतारा वाचला असेल, तर ‘उद्धृत’ असे लिहून त्या पुस्तकाचा संदर्भ द्यावा. मूळ ग्रंथ पाहिल्याचा आव आणू नये.

• आपल्या शब्दांत सांगितलेल्या विचारालाही संदर्भ लागतो.

• संदर्भसूचीत ‘आंबेडकर, भी. रा.’ असेच लिहावे. तिथे कोणाच्याच नावामागे उपाधी लावत नाहीत. यात अनादर नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल, तर दंड नाही. 60 टक्क्यांच्या वर गेले, तर नोंदणीच रद्द होते. योग्य संदर्भासह दिलेले अवतरण या मोजणीतून वगळले जाते. पहिल्या पिढीतल्या संशोधकाने कष्टाने मिळवलेली जागा केवळ अवतरणचिन्हे राहिली म्हणून जाऊ नये.

याबाबतीत आपल्यासमोर एक आदर्श आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली प्रसिद्ध झाला. त्याचा हिंदी अनुवाद करताना भदंत आनंद कौसल्यायन यांनी पाली साहित्यातील मूळ आधार शोधून काढले. श्रद्धा होती, म्हणूनच त्यांनी ते कष्ट घेतले. तपासल्याशिवाय स्वीकारू नका, ही तर तथागतांचीच शिकवण आहे. वाचकाला तपासता येईल असे लिहिणे, हे त्या शिकवणीचेच पालन होय.

जय भीम! नमो बुद्धाय!