बामणघळीत पाणी का उसळतं?

जालना जिल्ह्यात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या भेगेतून झरा लागतो, हे अनेकांच्या पाहण्यातलं आहे. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेला हा दख्खनचा बेसाल्ट थेट कोकण किनाऱ्यापर्यंत पसरला आहे. गुहागर तालुक्यातल्या हेदवीला समुद्राने अशाच एका भेगेची अरुंद, खोल घळ केली. तीच बामणघळ.

पाणी मऊ, ते पाषाण कसा फोडणार, ही शंका रास्त आहे. पण हे काम एकट्या पाण्याचं नाही. लाट भेगेत घुसते तेव्हा आतली हवा कोंडून दाबली जाते आणि पाचरीसारखी दोन्ही कडांना रेटते; लाट मागे सरताच तो दाब एकदम सुटतो. अशा हिसक्यांनी खडक खिळखिळा होतो आणि निखळलेले गोटे पुढच्या लाटेबरोबर कडा घासतात. मग सगळा किनारा सारखाच का झिजत नाही? अखंड कातळात हवा कोंडायला जागाच नसते, म्हणून तो टिकतो आणि घळ तेवढी आत सरकत जाते. भरतीच्या वेळी याच चिंचोळ्या वाटेत कोंडलेलं पाणी वर उसळतं. ते पाहायला भरतीची वेळ साधून जरूर जा. मात्र ओल्या कातळावरून घळीच्या काठाशी जाऊ नका.